सासू रोज दारात अडवायची

चार वर्षांत हापसेवालीच्या हातून पाइप कधी सुटला नव्हता. त्या दिवशी सुटला, तोही शाळेच्या पटांगणात, भर सकाळी, चारचौघांदेखत.

शाळेचा हापसा दोन दिवस नुसता खडखडत होता. दांडा हलायचा, पाण्याचा पत्ता नाही. तिने वरचं झाकण उतरवलं, साखळी सोडवली, सळया एकेक करून बाहेर घेतल्या आणि मग पाइपांना हात घातला. पाइप वर ओढायचा, लोखंडी चिमट्यात आवळून धरायचा, वरचा तुकडा सोडवायचा, मग खालचा ओढायचा. ओढायला शाळेचा शिपाई आणि समोरचा दुकानदार होते. चिमटा मात्र तिच्या हातात. चिमटा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा तिचा नियम होता. ओढणारा दमला तर पाइप जागच्या जागी राहतो, चिमटा धरणारा दचकला तर सगळं खाली जातं.

तेवढ्यात मास्तर हातात एक गुळगुळीत पुस्तिका नाचवत आले.

"अगं, तू तर छापून आलीस! मुखपृष्ठावर!"

दुकानदाराने मान लांब करून पाहिलं. "फोटोत बरी दिसतेय. तोंडाला ग्रीस नाही."

"होतं की. फोटोवाल्याने पुसायला लावलं," ती म्हणाली. "मास्तर, वाचा ना. माझे हात अडकलेत."

मास्तरांनी धडा वाचावा तसं वाचायला सुरुवात केली. या गावात बाईला अंगणाबाहेर पडायचं तर सोबत घरातला पुरुष लागे. अशा गावात एका सुनेने पाना हातात घेतला. आज पंधरा गावांतले हापसे तिच्या भरवशावर चालतात. शिपाई मान डोलावत होता. तिला लाजल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

"‘पण ही वाट सोपी नव्हती,’" मास्तर वाचत होते. "‘सासू रोज दारात अडवायची. तिच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती. सासूचा हा जाच मुकाट सोसत...’"

मास्तरांचा आवाज शेवटच्या शब्दांपाशी बारीक झाला.  तिला पहिल्यांदा वाटलं, मास्तर दुसऱ्याच कुणाबद्दल वाचतायत, पान उलटलं असेल. तिने मान वळवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेवढ्यात चिमटा उघडला.

पाइप सरकन खाली गेला. जमिनीच्या पोटात लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

---

गावात तिला हापसेवाली म्हणत. आधी टोमणा म्हणून, मग सवयीने, आणि अलीकडे हापसा बिघडला की अगदी मधाळ आवाजात. उंच, हाडापेराने मजबूत बाई. डाव्या अंगठ्याचं नख पाना लागून कायमचं काळं पडलेलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात ती, तिची लेक आणि सासू. स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसायची तिला खोड होती, आणि तिचा एक विनोद सगळ्यांना पाठ झाला होता: "आपलं डोकं चालत नाही बाई, आपले हात चालतात." नववीपर्यंत शिकलेली होती, पण बोअर किती खोल, पाइप किती लागतील, हे ती मास्तरांना विचारूनच ठरवायची. मास्तर सांगत, "उत्तर तिच्याजवळ आधीच तयार असतं. तरी विचारते."

आणि सासू. सासूबाई म्हणजे मूठभर हाडं आणि खणखणीत आवाज. उजवा गुडघा दुमडत नसे, म्हणून सकाळी त्या उंबऱ्यावर बसत तेव्हा पाय आडवा, दारभर. सून पिशवी खांद्याला लावून निघाली की तो पाय हलायचा नाही.

"काय खाल्लंस?"

"येऊन खाते, आई. दोन गावं करायचीत."

"मग बस घरी. हापसा काही पळून जात नाही."

मग उभ्या उभ्या चार घास. त्यानंतर तपासणी. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण पिशवीतलं एकूण एक सामान तोंडपाठ होतं. "मोठा पाना? धाकटा? चामड्याचे वॉशर? किती? ग्रीस? कालच्यासारखी विसरू नकोस." सगळ्याला ‘आहे, आहे’ म्हटल्यावर पाय बाजूला व्हायचा. शेजारणींनी त्या उंबऱ्याला नाका असं नाव ठेवलं होतं. सुनेला उशीर झाला की विहिरीवर हसत विचारायच्या, "काय गं, आज नाक्यावर फार वेळ अडवलं वाटतं?"

ते सगळं एकाएकी झालं नव्हतं. बायकांना कामं शिकवणाऱ्या एका संस्थेची माणसं चार वर्षांपूर्वी हापसे दुरुस्त करायला बायका हव्यात म्हणून गावात आली, तेव्हा गावाने त्यांना वेड्यातच काढलं. बायकांनी पाण्यासाठी रांग लावावी, लोखंडाला हात लावायला बाप्ये आहेत. हापसेवालीच्या थोरल्या दिराची घराला लागून गिरणी होती. तो भावजयीशी थेट बोलत नसे. बोलायचं ते आईला उद्देशून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने. त्या दिवशी गिरणीवर दहा माणसांत तो म्हणाला, "आमच्या घरातली बाई पाना घेऊन गावोगाव फिरणार असेल तर मी मिशी काढून टाकतो."

सासूबाई काठी टेकत गिरणीवर गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढ. उन्हाळ्याचं बरं वाटेल." आणि संस्थेच्या बाईकडे वळून, "हिला घ्या. दार माझं आहे. मी पाठवते."

त्या एका वाक्यावर गावातल्या चार सुनांची दारं पुढे उघडली. ज्या घरात म्हातारी नाही म्हणायची, तिथे संस्थेच्या बाया सांगायच्या, "अहो, त्या काठीवाल्या आजींनी पाठवलं, तुम्ही का घाबरता?" सासूबाईंचं नाव दाखल्यासारखं वापरलं जायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

त्या बाईला आता संस्थेनेच छापून जाच करणारी ठरवलं होतं. आणि त्याच पुस्तिकेवर फोटो होता तो सुनेचा, हसरा.

---

ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. थोरला दीर अंगणात उभा, हातात पुस्तिका.

"ऐकलंस का आई," तो घराकडे तोंड करून म्हणाला, "तू पाठवलंस, तिने तुझं नाव काढलं. मी मिशीवर बोललो तर माझी नालस्ती. जाच कोणाचा म्हणे? तुझा! छापील आहे हो, तोंडी नाही."

हापसेवाली त्याच्या अंगावरून आत गेली. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

"आई, मी असं म्हटलेलं नाही."

सासूबाईंनी काठी जवळ ओढली.

"तुमची शपथ घेऊन सांगते."

"माझी कशाला घेतेस," सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका सपाट की तिला धस्स झालं. सासूबाई रागावल्या की भांड्यांना ऐकू जायचं. हे तसं नव्हतं. "तू तुझं काम कर. हापस्यात पाइप पाडलास म्हणे."

"आई, शिव्या द्या. पण असं बोलू नका."

त्या भिंतीकडे वळून आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दाराशी आली आणि थबकली. उंबरा रिकामा होता. दार सताड उघडं, बाहेरचं ऊन आतपर्यंत आलेलं. चार वर्षांत तिने तो उंबरा असा मोकळा पाहिला नव्हता. सासूबाई खाटेवरच होत्या, डोळे उघडे. तिने उगाच पिशवी खाली ठेवली, उचलली, पान्यांचा आवाज केला. "मोठा पाना घेतला, आई," ती म्हणाली. "वॉशरही." सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.  उपाशीपोटी ती बाहेर पडली, तर विहिरीवर बायका एकदम गप्प झाल्या. एकीने जवळ येऊन दंडाला हात लावला. "इतकी वर्षं सोसलंस, कधी बोलली नाहीस गं." दुसरी लांबूनच म्हणाली, "आमची सासू म्हणते, त्या संस्थेच्या शिकवणीला जायचं नाही. उद्या आपल्यालाही छापतील."

हापसेवालीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. नाका हे नाव यांनीच ठेवलेलं. यांनाही कसं खरं वाटलं?

---

पाइप पडला की तो वर काढायला लांब दोरखंडाचा लोखंडी गळ लागतो आणि तो संस्थेच्या कचेरीत असतो. म्हणजे जायचं होतंच; तिसऱ्या दिवशी ती गेली. सिमेंटच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की दोन खोल्या, भिंतीवर हसणाऱ्या बायकांची पोस्टरं, फायलींनी वाकलेलं कपाट. टेबलाशी चष्मेवाली ताई होती. मागल्या वर्षी हीच तरुण ताई वही घेऊन घरोघर माहिती घेत फिरली होती. हापसेवालीला पाहून ती हसत उठली.

"पाहिलीत पुस्तिका? सगळ्यांना तुमचीच गोष्ट..."

"ताई, माझ्या सासूने काय घोडं मारलं तुमचं?"

ताईचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, जायला वाट न सापडल्यासारखं.

हापसेवालीने सगळं सांगितलं. ताईने कपाटाकडे जाऊन फाइल काढली, एक कागद समोर ठेवला. प्रश्न छापील होता: घराबाहेर पडताना तुम्हाला कोण अडवतं? खाली ताईच्या गोल अक्षरात उत्तर: सासू. रोज. दारात. परवानगीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

"मी मनाचं काही लिहिलं नाही," ताई हळू म्हणाली. "शब्दन् शब्द तुमचा आहे."

हापसेवालीला ती दुपार आठवली. ती चुलीपाशी, ताई पाटावर, आणि हा प्रश्न. तिला हसूच फुटलं होतं. हसत हसतच तिने हे उत्तर दिलं होतं, सासूबाईंना बाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्याने. ताई मात्र हसली नव्हती. तिने वर पाहिलं होतं आणि तिचे डोळे भरले होते. तेव्हा हापसेवालीला वाटलं होतं, चुलीचा धूर.

"ताई, तुम्ही सकाळी घरून न खाता निघालात तर तुमची आई काय करते?"

"माझी आई? ओरडते. दोन घास खाल्ल्याशिवाय सोडत नाही."

"सोडत नाही म्हणजे काय करते?"

"म्हणजे दारात..." ताई थांबली. मग तिने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसत राहिली. "अडवते," ती म्हणाली.

जिन्याखाली कुणीतरी पोती टाकत होतं. 

"बरं, अडवते माझं," हापसेवाली म्हणाली. "जाच कुणाचा? हा शब्द मी आयुष्यात तोंडातून काढलेला नाही."

ताईने मान खाली घातली. "मी विरोध लिहिलं होतं. वरच्या कचेरीत म्हणाले, विरोध फिका वाटतो. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही."

"आणि माझ्या भावोजींचं का नाही? दहा माणसांत मिशीची पैज लावली त्यांनी."

"ते तुम्ही सांगितलंच नाहीत!"

"तुम्ही दारात कोण अडवतं ते विचारलंत. भावोजी कुठे दारात असतात, ते भिंतीपलीकडे असतात."

ताईला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने वही पिशवीत टाकली. "मी येते. आजींची माफी मागते. आणि दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक पुस्तिकेत चिकटवू. तुम्ही सांगाल ते वाक्य. माझ्या हाताने चिकटवीन."

हापसेवालीच्या जिवात जीव आला. वाटेत गळाचं ओझं तिला लागलंही नाही. आता फक्त सासूबाईंनी ऐकून घ्यायला हवं होतं. एकदा गैरसमज निघाला की झालं, उद्या सकाळी उंबऱ्यावर पुन्हा खणखणाट सुरू.

---

ताई खाटेसमोर जमिनीवर बसली. चूक माझी, सुनेची नाही, असं तिने तीनदा सांगितलं. अडवते या शब्दाचं सगळं रामायण सांगितलं. सासूबाई हनुवटी काठीवर टेकून ऐकत होत्या.

"पुस्तक आहे?" त्यांनी विचारलं. "वाच. मला कुणी वाचून दाखवलं नाही. थोरल्याने नुसतं ओरडून दाखवलं."

ताईने चाचरत वाचलं. जाच या शब्दापाशी ती अडली, तर सासूबाई म्हणाल्या, "वाच, वाच. पुन्हा वाच ते, दारातलं."

"‘सासू रोज दारात अडवायची.’"

"मग यात खोटं काय आहे?"

हापसेवाली पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती तिथेच उभी राहिली. "आई, आत्ता सांगितलं ना त्यांनी, तुमचा तो पाय आणि..."

"पायाचं नाही बोलत मी." सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, तीन दिवसांनी. "तू खाली बस. तांब्या ठेव आधी."

ती बसली.

"सात वर्षांपूर्वी तू शाळेत परीक्षा दिलीस. दवाखान्यात मदतनीस घ्यायच्या होत्या, त्याची, याच संस्थेची. आठवतं?"

आठवतं का? त्या परीक्षेसाठी तिने लेकीला मांडीवर थोपटत पुस्तकं वाचली होती. एकतीस बायका बसल्या होत्या. पास होतील त्यांनी सहा महिने शहरात राहून शिकायचं आणि मग सरकारी दवाखान्यात पांढऱ्या कपड्यात काम. ती नापास झाली होती. दोन दिवस तिने जेवणाला हात लावला नव्हता. मग उठली होती, आणि तेव्हापासून डोक्याचा विनोद सांगत आली होती.

"संस्थेची एक जाडी बाई निकाल सांगायला आली," सासूबाई म्हणाल्या. "तू माळावर गेली होतीस. ती म्हणाली, तुमची सून पास झाली, सोमवारी पाठवा. मी म्हटलं, तीच नको म्हणते."

ताईच्या हातातली पुस्तिका मिटली गेली.

"ती आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा मी दारातूनच परतवली. तुला सांगितलं, तू नापास झालीस."

 हापसेवालीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, शब्द मागेपुढे झाले. ती सासूबाईंच्या ओठांकडे पाहत राहिली, जणू तिथून ते पुन्हा नीट होऊन येतील.

"पण निकाल तुम्हाला कसा..." ताई अर्धवट बोलली आणि स्वतःच थांबली.  निकाल घरी जाऊन सांगायचा, आणि तो आधी घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला. सुनेला परस्पर सांगितलं तर घराचा मान दुखावतो, दार कायमचं बंद होतं. संस्थेत नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे शिकवत. तिलाही शिकवलं होतं. मागल्याच आठवड्यात तिने स्वतः दोन माणसांना शिकवलं होतं.

"मला वाटलं, तुला कळलं," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "त्यांच्या जुन्या कागदांत सापडलं असेल. कळलं, आणि तू तोंडावर न बोलता छापून आणलंस. तीन दिवस मी म्हणत होते, बरोबर केलं पोरीने. तोंडावर बोलली असती तर मी खोटंच बोलले असते."

"का?" हापसेवालीचा आवाज फुटला. "का केलंत?"

"थोरला म्हणाला, घराचं नाव जाईल. ते होतंच." सासूबाई काठीवरची बोटं उघडमीट करत होत्या. "पण ते काही एवढं नव्हतं. तू शहरात जाऊन शिकणार, मोठ्या दवाखान्यात बसणार. मला वाटलं, मग या घरात मला कोण विचारील?"

भिंतीपलीकडे गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि बंद पडला. थोरला तिकडे ऐकत होता हे तिघींना कळलं. कुणीच तिकडे पाहिलं नाही.

"आणि हापस्याच्या वेळी?"

"तुझं तोंड तीन वर्षं बघत होते ना मी. येईल-जाईल त्याला सांगायचीस, आपलं डोकं चालत नाही. हसायचीस. सगळे हसायचे. मला ते ऐकवत नव्हतं."

हापसेवाली उठली, दोन पावलं गेली, परत आली. कुठे जायचं ते तिला कळत नव्हतं. मास्तरांना विचारलेली एकेक बेरीज तिला आठवत होती. लेकीने गणित विचारलं की ती म्हणायची, जा बाई, तुझी आई नापास आहे. लेकीला ते खरं वाटायचं. तिला स्वतःला खरं वाटायचं.

"ताई," ती म्हणाली, "मला गुण किती पडले होते?"

"आत्ता कसं..."

"फोन करा. कागद असतील ना? तुमच्याकडे सगळे कागद असतात."

ताईने फोन लावला. पलीकडे कुणीतरी कपाट उघडलं, फायली खाली काढल्या, वर्ष विचारलं, पुन्हा विचारलं.  सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग ताई म्हणाली, "हो, वाचा," आणि तिचे ओठ आकडे पुटपुटत राहिले.

"साठपैकी एकावन्न," फोन खाली ठेवत ती म्हणाली. "यादीत दुसरं नाव तुमचं आहे. समोर शेरा आहे, उमेदवार स्वतः तयार नाही."

"दुसरं?" सासूबाईंनी डोळे उघडले. "एकतीस बायकांत? मला तर ती जाडी नुसतं पास म्हणाली होती." आणि मग, गेले तीन दिवस न हललेला तो चेहरा एकदम मोडला. त्या आवाज न करता रडायला लागल्या, काठी कपाळाला लावून. हापसेवालीने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासरा गेला तेव्हाही नाही. एरवी तिने धावत जाऊन पाठीवर हात ठेवला असता. तिचा हात उठला नाही. उठत का नाही म्हणून तिने स्वतःच त्याच्याकडे पाहिलं.

बऱ्याच वेळाने ताईने वही उघडली.  "दुरुस्तीचं... आता काय लिहू? तुम्ही म्हणाल तर काहीच छापत नाही. पुस्तिकाच परत मागवते."

हापसेवालीने पुस्तिका घेतली. स्वतःचा हसरा फोटो उलटा करून तिने ते पान काढलं आणि वाक्यावर काळ्या नखाचा अंगठा ठेवला. एकेक शब्द तिने मनात वाचला. मग मोठ्याने.

"यातलं ‘रोज’ काढा," ती म्हणाली.

"फक्त रोज?"

"रोज नाही. एकदा. सासूने एकदा दारात अडवलं, असं लिहा. आणि परवानगीचं वाक्य खोडा, ते थट्टेतलं आहे."

ताईने लिहून घेतलं. पेन पुढच्या ओळीवर येऊन थांबला. तिने वर पाहिलं नाही. "आणि जाच?"

हापसेवालीने पुस्तिका मिटली आणि खाटेवर, सासूबाईंच्या हाताशी ठेवली. "तो मी सांगितलेला नाही, मी कशी काढू?" ती म्हणाली. "आई सांगतील."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. वाचता येत नसतानाही त्या मिटलेल्या पुस्तिकेकडे खूप वेळ पाहत राहिल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या.